डॉ. फ्रँक लॉबाक : शिकलेल्याने शिकवावे

प्रौढ साक्षरतेचा विषय निघाला की आम्हांस डॉ. फ्रँक लॉबाक यांचे स्मरण होते. १८८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात जन्मलेले हे मिशनरी १९१५ साली फिलिपाइन्स बेटांत गेले. १९२९ च्या सुमारास ते लानाव सरोवराकाठच्या मरानाव लोकांत राहावयास आले. हे लोक मुसलमान, परक्यांविषयी साशंक. पण खुद्द आपल्याच मनात त्यांच्याविषयी तुच्छता आहे, हे लॉबाकांना टेकडीवर एकांतात प्रार्थना करताना उमगले. मग शिकवण्याआधी ते स्वतः शिकावयास बसले. मुल्लांकडून त्यांनी कुराण समजून घेतले, लोकांची भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेचे सोपे वाचनपाठ रोमन अक्षरांत तयार केले.

काम वाढले, तोच जागतिक मंदी आली. मिशनचा पैसा आटला. शिक्षकांना पगार कोठून द्यावा? शाळा बंद पडणार असे दिसताच एका मरानाव सरदाराने बजावले, की जो शिकला त्याने दुसऱ्यास शिकवलेच पाहिजे. नाहीतर त्याच्या जिवाची खैर नाही! धमकी जबर, पण मार्ग अचूक. कालचा विद्यार्थी आज गुरू झाला. हीच रीत लॉबाकांनी पुढे हिंदुस्थानासह शंभरावर देशांत नेली. १९७० साली ते प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, ती शाळा पैशाने नव्हे, लोकांनी तारली. आपल्या मंडळीतही शास्त्रपाठ दुसऱ्याकडून वाचून घेणारी एखादी आजी असेल. येत्या रविवारी उपासनेनंतर पाटी घेऊन तिच्याजवळ आपल्यापैकी कोण बसेल?