माळावरचा कारखाना

नांदेड आणि लातूर हे जिल्हे गोदावरी व मांजरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. तेथील काळी जमीन सुपीक खरी. परंतु उन्हाळ्यात ती तापून कठीण होते आणि हराळी व कुंदा ह्या तणांच्या मुळ्या तिच्यात खोलवर जातात. जुना लाकडी नांगर वरवरची माती तेवढी उकरी. मुळ्या जागच्या जागीच राहत, तण पुन्हा माजे आणि शेतकऱ्याचे श्रम वाया जात. मराठी मुलखात अनेक ठिकाणी शेतकऱ्याची हीच अडचण होती. ती ओळखून त्याच्या हाती देशी बनावटीचा लोखंडी नांगर देणारे कारखानदार म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. लहानपणी पाठांतरापेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रे पाहण्यात त्यांचे मन अधिक रमे. म्हणून ते मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. पुढे असे आढळून आले, की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकाराला ह्याहून मोठे संकट ते कोणते? परंतु रंग गेले तरी रेषा उरल्या होत्या. लक्ष्मणराव यंत्रांच्या आकृत्या काढण्यास शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. फावल्या वेळात ते तेथील यंत्रे खोलून पाहत व दुरुस्त करीत.

इकडे बेळगावात १८८८ साली त्यांनी व त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले होते. मुंबईच्या नोकरीत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास आले. बढती मिळाली असती, तर कदाचित ते आयुष्यभर शिक्षकच राहिले असते!

सायकली विकता विकता त्यांच्या मनात एक विचार बळावला. आपला देश शेतकऱ्यांचा आहे. तेव्हा शेतकऱ्याला उपयोगी पडेल असेच यंत्र आपण तयार केले पाहिजे. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. नांगर तयार झाला. पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. ह्या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना दोष दिला नाही. दुष्काळ आणि कर्ज यांनी पोळलेला माणूस नव्या वस्तूवर सहजासहजी पैसा घालणार नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी नांगर शेतात चालवून दाखविले, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि त्याप्रमाणे नांगरात सुधारणा केल्या. ग्राहकाची गरज जाणून वस्तू तयार करणे, हा आजच्या उद्योग-व्यवस्थापनातील पहिला धडा ते शेताच्या बांधावर शिकले.

आता कारखाना मार्गी लागेल असे वाटू लागले, तोच दुसरे संकट ओढवले. गावाच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला व दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. माळावर निवडुंग माजलेले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना उभारला व कामगारांसाठी घरे बांधली. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय.

त्याच सुमारास अमेरिकेत कारखाने चालविण्याचे नवे शास्त्र आकार घेत होते. फ्रेडरिक टेलर यांनी घड्याळ लावून कामाची मोजणी केली आणि १९११ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात मोटार सरकत्या पट्ट्यावर एका कामगाराकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. त्यामुळे माल स्वस्त झाला व भराभर तयार होऊ लागला. परंतु तेच ते काम दिवसभर करून माणूस यंत्रासारखा होण्याचा धोकाही निर्माण झाला. लक्ष्मणरावांनी यंत्राइतकेच माणसालाही जपले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याचे राखणदार नेमले आणि त्या माणसांनी हा विश्वास सार्थ केला. वसाहतीत त्यांनी शिवाशीव पाळू दिली नाही.

उद्योगावर बाहेरच्या जगाचेही आघात होत असतात. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येईनासे झाले व देशी नांगरांना मागणी वाढली. पण त्याच युद्धामुळे लोखंड व कोळसा मिळणे कठीण झाले. एकाच कारणाचे असे दोन परिणाम झाले. काटकसर आणि कल्पकता यांच्या बळावर कारखान्याने निभाव लावला. उद्योग वाढला तसे एका घरचे भांडवल अपुरे पडू लागले. म्हणून १९२० साली मर्यादित कंपनी स्थापन झाली. पुढे १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याजवळ पैसा उरला नाही आणि नांगरांचा खप घटला. तेव्हा कारखान्याने लोखंडी खुर्च्या व कपाटे बनविण्यास घेतली. एका वस्तूवर विसंबून राहिलेला उद्योग ती वस्तू बुडताच बुडतो, हे लक्ष्मणरावांनी जाणले होते.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतले. त्यामुळे वडिलांच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

इंजिने आणि पंप यांनी महाराष्ट्राच्या शेतीचे रूप पालटले. ज्या विहिरीवर बैल दिवसभर मोट ओढीत, तेथे पंप काही तासांत तेवढे पाणी उपसू लागला. परंतु पंप पाणी उपसतो. तो पाणी निर्माण करीत नाही. उपसा वाढत गेला आणि पाऊस हटला, की विहिरी व कूपनलिका आटतात. २०१६ साली लातूर शहरावर अशीच वेळ आली. तेव्हा मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. मिरज हे किर्लोस्करवाडीच्याच जिल्ह्यातील शहर आहे, हा एक विलक्षण योगायोग होय.

म्हणून यंत्र तयार करणाऱ्याचे काम ते विकून संपत नाही आणि वापरणाऱ्याचे काम कळ दाबून संपत नाही. आपल्या कामाचे परिणाम कोठवर पोहोचतात, हे दोघांनीही पाहिले पाहिजे. वस्तू शेतकऱ्याच्या शेतात कशी चालते, हे बांधावर उभे राहून पाहणारे लक्ष्मणराव आपल्याला हीच शिकवण देतात.