कै. स्मिता पाटील

मेहरूणच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें कीं, स्मिताबाई आपल्या खानदेशच्याच; शिरपूरचे पुढारी शिवाजीराव पाटील यांच्या त्या कन्या. जन्म पुणें येथें, १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या देत असतां श्याम बेनेगल यांची दृष्टि त्यांजवर गेली. गोऱ्या कांतीस भुलणाऱ्या चित्रसृष्टींत हा सांवळा चेहरा! ‘भूमिका’ (१९७७) व ‘चक्र’ यांतील अभिनयाबद्दल त्यांस राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. ‘उंबरठा’मध्यें (१९८२) त्यांनीं कार्यासाठीं घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षिका झालेली सुलभा उभी केली, पालकांनीं तो चित्रपट अवश्य पाहावा, मग आवडो वा न आवडो. १९८५ मध्यें पद्मश्री. पुत्रजन्मानंतर पंधराच दिवसांनीं, १३ डिसेंबर १९८६ रोजीं, त्या निवर्तल्या. वय अवघें ३१. ‘मिर्च मसाला’ पडद्यावर आला तेव्हां त्या नव्हत्या.