गुरूचा दिवस मोजणारा कॅसिनी

रात्रीच्या आकाशात गुरू हा ग्रह ठळक दिसतो. उर्दूत त्याला मुश्तरी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तो तेजस्वी ठिपक्यासारखा वाटतो. पण हा ग्रह पृथ्वीच्या सुमारे अकरा पट रुंद आहे. एवढा मोठा ग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतो, हे जोव्हान्नी कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने शोधून काढले.

कॅसिनीचा जन्म ८ जून १६२५ रोजी आजच्या इटलीतील पेरिनाल्दो या गावी झाला. तरुणपणी त्याला फलज्योतिषाची गोडी होती. पुढे त्यात तथ्य नाही, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने सारे लक्ष ग्रहताऱ्यांच्या अभ्यासाकडे वळवले. १६५० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो बोलोन्या येथील विद्यापीठात प्राध्यापक झाला.

त्या काळी रोममध्ये कॅम्पानी नावाचा कारागीर उत्तम दुर्बिणी बनवत असे. १६६४ मध्ये कॅसिनीने त्याच्या दुर्बिणीतून गुरूकडे पाहिले. गुरूच्या चकतीवर पट्टे होते आणि काही काळे ठिपके सरकत होते. हे ठिपके गुरूवरचे डाग आहेत, की त्याच्या चंद्रांच्या सावल्या? कॅसिनीने घाई केली नाही. कोणता चंद्र केव्हा कोठे असेल, याचे त्याने गणित मांडले. त्यामुळे सावल्या ओळखता आल्या. उरले ते डाग. ते चकतीच्या मध्यावर भरभर आणि कडेजवळ हळूहळू सरकत. फिरत्या गोलावरची खूण अशीच सरकताना दिसते.

१६६५ मध्ये त्याने एका मोठ्या डागावर नजर ठेवली. तो डाग ९ तास ५६ मिनिटांनी पुन्हा त्याच जागी येई. म्हणजे गुरूचा दिवस दहा तासांपेक्षाही लहान! हे उत्तर आजच्या मोजमापाच्या अगदी जवळ आहे.

त्याची कीर्ती ऐकून फ्रान्सच्या राजाने त्याला बोलावले. १६६९ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे त्याने शनीचे चार चंद्र शोधले. १६७५ मध्ये शनीच्या कड्यातील काळी फट त्याला दिसली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

कॅसिनीचीही एकदा चूक झाली. गुरूच्या एका चंद्राची ग्रहणे कधी कधी उशिरा दिसत. प्रकाशाला पृथ्वीवर पोहोचायला वेळ लागत असेल, हा विचार त्याला सुचला होता. पण त्याने तो सोडून दिला. त्याचा तरुण सहकारी रोमर याने मात्र १६७६ मध्ये तोच विचार नेटाने मांडला. रोमरचे म्हणणे खरे ठरले.

उतारवयात कॅसिनीची दृष्टी गेली. १४ सप्टेंबर १७१२ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. पण त्याच्या नोंदी मागे उरल्या. गुरूला घट्ट जमीन नाही. त्याच्यावरचे मोठे डाग म्हणजे ढगांतील प्रचंड वादळे, हे आता आपल्याला माहीत आहे. कॅसिनीने पाहिलेला डाग आज दिसणाऱ्या तांबड्या डागाहून वेगळा असावा, असे शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये सांगितले. त्यासाठी त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती चित्रे आणि नोंदीच उपयोगी पडल्या.