पुवातून गवसलेला डीएनए

जखमेवरची पुवाने भिजलेली पट्टी कचऱ्यात जाते. डीएनए मात्र जगाला प्रथम सापडला तो अशाच पट्ट्यांमध्ये. तो शोधणारे फ्रिडरिश मीशर १३ ऑगस्ट १८४४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे एका डॉक्टरच्या घरी जन्मले. १८६८ मध्ये तेही डॉक्टर झाले. पण त्यांना कमी ऐकू येई. छातीचे आवाज ऐकून रोग ओळखणे अवघड जाणार, म्हणून शरीररचनाशास्त्रज्ञ असलेले मामा विल्हेल्म हिस यांच्या सल्ल्याने ते संशोधनाकडे वळले.

जर्मनीतील ट्युबिंगेनच्या किल्ल्यात फेलिक्स होप-झायलर यांची प्रयोगशाळा होती. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात मीशर काम करीत. जवळच्या रुग्णालयातून आलेल्या पट्ट्या धुऊन ते पुवातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करीत. डुकराच्या जठरातील पेप्सिन वापरून त्यांनी पेशींतली प्रथिने पचवली. उरलेल्या केंद्रकांतून एक पदार्थ मिळाला. त्यात फॉस्फरस भरपूर होता आणि तो प्रथिनांसारखा वागत नव्हता. १८६९ मधील या पदार्थाला त्यांनी ‘न्यूक्लिन’ नाव दिले. गुरूंनी प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि खात्री पटल्यावरच, १८७१ मध्ये, तो निबंध छापला.

१८७२ मध्ये मीशर बाझलला प्राध्यापक झाले. ऱ्हाईन नदीतील सामन माशांच्या शुक्रपेशींतून ते न्यूक्लिन काढू लागले. उबेत ते खराब होई, म्हणून ऐन हिवाळ्यात, थंड खोलीत काम चाले. पुढे क्षयाने त्यांना गाठले. औषध नव्हतेच. २६ ऑगस्ट १८९५ रोजी दाव्होस येथे, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मीशर यांनी थंडीत जपलेला हाच पदार्थ आज मुद्दाम तापवून तपासला जातो. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी ए-टी ही जोडी दोन बंधांनी, तर जी-सी तीन बंधांनी बांधलेली असते. तापमान वाढवत नेले की धागे सुटतात. दुहेरी धाग्यातच चमकणारे रंगद्रव्य मिसळले असेल, तर त्याची चमक उतरत जाते. संगणक तिचा आलेख काढतो आणि निम्मे धागे कोणत्या तापमानाला सुटले, हे सांगतो. एखादे अक्षर बदलले तरी हा आकडा सरकू शकतो.

क्षयाच्या जीनएक्स्पर्ट ‘अल्ट्रा’ चाचणीत हेच तत्त्व वापरतात. जंतूच्या जनुकावर चमकणारे छोटे धागे बसवतात. जनुकात बदल असेल तर ते वेगळ्या तापमानाला सुटतात, आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, हे साधारण दीड तासात कळते. योग्य औषध पहिल्या दिवसापासून सुरू करता येते.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मीशर यांच्या काळी नसलेला उपचार आज आहे. तो वेळेत सुरू व्हायला हवा.