प्रयोग आणि कारखाना : कै. दादासाहेब फाळके

एखादी कृती घरी साधली म्हणजे ती कारखान्यातही साधलीच, अशी आपल्या व्यापारी वर्गाची समजूत असते. आणि पहिल्या वर्षी नफा न दिसला की भांडवलाचा हात आखडतो. ही समजूत किती घातक आहे, हे नाशिककरांस कै. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्रावरून कळावे.

फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, छायाचित्रण इत्यादी कला शिकले. 1912 साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम वाटाण्याच्या वाढत्या रोपाची लहानशी चित्रपट्टी करून पाहिली. ती साधल्यावरच त्यांनी मोठे काम हाती घेतले; त्यापायी पत्नीचे दागिनेही गेले.

चित्रपट्टी धुणे ही रसायनक्रिया होय. जिलेटिनमधील चांदीच्या क्षारावर प्रकाश पडला म्हणजे विशिष्ट द्रवात त्याची काळी चांदी होते, व उरलेला क्षार हायपोने काढून टाकावा लागतो. हातभर पट्टीस जे जमते ते हजारो फुटांस जमेलच असे नाही. वापरता वापरता द्रव निःसत्त्व होतो, उष्म्याने जिलेटिन मऊ पडते, आणि एकाच पट्टीचा एक भाग गडद तर दुसरा फिका निघतो. असे असता सुमारे 3,700 फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' फाळके यांनी घरीच सिद्ध करून 3 मे 1913 रोजी मुंबईत लोकांपुढे आणला. पट्टीस छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, पट्टी धुणे, ही कामे सरस्वतीबाईंनी केली, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. स्त्रियांस यंत्र व रसायन समजत नाही म्हणणारांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे हा उद्योग नाशिकास आला. 1914 साली महायुद्ध पेटताच भांडवल आटले. 1918 साली भागीदार मिळून हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. परंतु लवकरच मतभेद होऊन फाळके काही काळ काशीस निघून गेले. नाशिकातच 16 फेब्रुवारी 1944 रोजी, हलाखीत, त्यांचा अंत झाला.

आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, हे योग्यच होय. तथापि प्रयोग व कारखाना यांमधील नुकसानीची दोन-चार वर्षे धीराने सोसणारे भांडवल ज्या दिवशी आमचे व्यापारी उभे करतील, त्या दिवशीच या पुरुषाचे ऋण फिटू लागेल.