लोकनायक बापूजी अणे

अकोल्याहून खामगावाकडे जाणाऱ्या वाटेवर बाळापूर लागते. मन व म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळ उंचवट्यावर तेथील विटांचा भक्कम किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आज्जमशहा याने तो आरंभिला आणि १७५७ साली एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने तो पुरा केला, असे सांगतात. जवळच नदीकाठी मिर्झा राजा जयसिंगाची दगडी छत्री आहे. एके सायंकाळी त्या छत्रीत बसून आमचे काही मंडळीजनांशी बोलणे झाले, त्यावरून हा लेख लिहिण्याचे मनात आले.

बोलणे निघाले ते एका जवळच्या गावच्या मंडळीवरून. तेथे पंचांच्या निवडीत तेढ पडली होती. निवडून न आलेले एक वडीलधारे गृहस्थ दोन महिने उपासनेस आले नव्हते, आणि विहिरीच्या वर्गणीची वहीही त्यांनी घरीच ठेवून घेतली होती. पुढारी कोणास म्हणावे, असा प्रश्न त्यावरून सहजच निघाला. एक म्हातारे शेतकरी म्हणाले की, पुढारीपण जन्माबरोबर येते, ते शिकून येत नाही. तरुण शिक्षकांचे मत निराळे होते. काळ जसा असेल तसा पुरुष तो पुढे करतो, एरवी तो पुरुष घरी बैल हाकीत बसला असता, असे ते म्हणाले. तिसऱ्या एकाने किल्ल्याकडे बोट करून सांगितले की, ज्याच्या हाती कोट व फौज तो पुढारी, बाकीचे सर्व बोलणे व्यर्थ. विद्वानांच्या ग्रंथांतूनही या विषयावर थोड्याफार फरकाने हीच मते वाचावयास मिळतात. आम्हांस मात्र त्या वेळी आपल्याच वऱ्हाडातील एका गृहस्थांची आठवण झाली. त्यांच्याजवळ कोट नव्हता, फौज नव्हती, आणि बहुमत आपल्या बाजूस नसण्याचा प्रसंगही त्यांजवर आला.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. घरी संस्कृत विद्येची परंपरा होती व ती त्यांनी शेवटपर्यंत जपली. नागपुरास कॉलेजचे शिक्षण झाल्यावर काही वर्षे त्यांनी अमरावतीस शिक्षकाचे काम केले, मग वकिलीची परीक्षा देऊन यवतमाळास वकिली मांडली. लोक त्यांना बापूजी म्हणू लागले, आणि पुढे लोकनायक ही पदवीही लोकांनीच दिली. त्यांचे गुरू लोकमान्य टिळक. टिळकांच्या होमरूलच्या चळवळीत बापूजींनी वऱ्हाडात गावोगाव हिंडून काम केले.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले आणि राष्ट्राचे सुकाणू गांधीजींच्या हाती गेले. टिळकांच्या तालमीत वाढलेल्या पुष्कळ मंडळींना नवी पद्धत मानवेना. बापूजीही त्यांतलेच होते. विधिमंडळांवर बहिष्कार घालणे त्यांना पसंत नव्हते. पुढे १९२६ च्या सुमारास केळकर, मुंजे व जयकर यांच्याबरोबर त्यांनी प्रतियोगी सहकाराचा पक्ष उघडपणे धरला. असे असूनही १९२१ पासून १९३० पर्यंत वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. मतभेद असलेल्या माणसास लोकांनी इतकी वर्षे अध्यक्ष का ठेवावे? आमच्या समजुतीप्रमाणे कारण साधे आहे. बापूजी आपले मत समोर सांगत, मागे सांगत नसत. १९२८ साली मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली देशाच्या राज्यघटनेचा आराखडा करण्यासाठी जी समिती बसली, तिच्यातही त्यांचा समावेश होता.

परंतु त्यांचे खरे पुढारीपण दिसले ते १९३० साली. त्या वर्षी गांधीजी दांडीस गेले व देशभर मीठ तयार होऊ लागले. वऱ्हाडात समुद्र कोठला? बाळापुराच्या उत्तरेस पूर्णा नदीकडे जाऊ लागले की खारपाणाचा पट्टा लागतो. तेथील विहिरींचे पाणी किती खारे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको, ते पाणी भरणाऱ्या बायांनाच विचारावे. याच पाण्याचा उपयोग करून अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे १३ एप्रिल १९३० रोजी मिठाचा कायदा मोडण्यात आला. काम मोठ्या धैर्याचे होते. तथापि खारपाण म्हणजे सगळा वऱ्हाड नव्हे. यवतमाळ, पुसद, वणी या बाजूच्या खेडुतास विहिरीतून मीठ काढता येत नव्हते. त्याला रोजच्या रोज जाचणारा कायदा निराळाच होता, आणि तो होता जंगलचा.

पूर्वी गावाभोवतीच्या रानात गावची गुरे चरत, बाया मोळ्या आणीत, घर शाकारण्यास गवत कापून आणीत. सरकारने ते रान राखीव केले, तेव्हा त्याच गवतास परवाना लागू लागला, चराईस पैसे पडू लागले. एखादी गाय चुकून हद्दीपलीकडे गेली की कोंडवाडा ठरलेला. जंगलच्या शिपायाच्या नुसत्या येण्याने गुराखी पोरे पळत. गरिबाच्या दारचे हे दुःख बापूजींनी ओळखले. मीठ हे साऱ्या देशाचे चिन्ह झाले होते खरे, पण आपल्या भागातील माणसाच्या अंगाला बोचणारा काटा कोणता, हे त्यांनी नेमके पाहिले. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ ते आपल्या सोबत्यांसह राखीव जंगलात शिरले व परवाना न घेता विळ्याने गवत कापले. त्यांना अटक झाली व सहा महिन्यांची शिक्षा मिळाली.

पन्नाशीला आलेला हा वकील, दिल्लीच्या विधिमंडळात कायद्याचा कीस काढणारा, पावसाळ्याच्या चिखलात वाकून गवत कापतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना पुढारीपणाची व्याख्या कोणी समजावून सांगावी लागली नसेल. त्यानंतर वऱ्हाडात व मध्यप्रांतात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. त्यांत शहरच्या शिकलेल्यांबरोबर खेड्यांतील शेतकरी व रानावनातील गोंड, कोरकू बांधवही उतरले. जो कायदा मोडावयाचा तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता.

यानंतर तीन वर्षांनी त्यांच्यावर याहून अवघड काम आले. १९३३ साली काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात होते व बापूजी काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. चळवळ थकली होती, घरेदारे जप्त झाली होती. मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास आरंभिला, त्यांची सुटका झाली, आणि त्यांच्या सल्ल्यावरून बापूजींनी कायदेभंग काही आठवडे तहकूब केल्याचे जाहीर केले. दूर व्हिएन्नाहून विठ्ठलभाई पटेल व सुभाषचंद्र बोस यांनी पत्रक काढून या निर्णयास कडक दोष दिला. जुलैत पुण्यास कार्यकर्त्यांची बैठक होऊन सामुदायिक कायदेभंग थांबविण्याचे व वैयक्तिक सत्याग्रह चालू ठेवण्याचे ठरले. तीही घोषणा बापूजींच्याच नावे निघाली. पुढे चला म्हणणाऱ्यास जयजयकार मिळतो. थांबा म्हणणाऱ्यास शिव्या मिळतात, आणि त्या बापूजींनी मुकाट्याने घेतल्या. ऑगस्टमध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू होताच त्यांना स्वतःलाही अटक झाली.

छत्रीतील त्या संभाषणात आम्ही हे इतके सांगितले, तेव्हा शिक्षकांनी विचारले की, मग बापूजींनी काँग्रेस कधी सोडलीच नाही काय? सोडली, आणि ती हकीकत गाळणे बरे नव्हे. १९३२ साली इंग्रज पंतप्रधानांनी जातवार निवाडा दिला. त्यात निरनिराळ्या समाजांस निराळे मतदारसंघ दिले होते, आणि काही प्रांतांत हिंदी ख्रिस्ती समाजाचाही त्यांत समावेश होता. आपल्या पुष्कळ लोकांना त्या वेळी ते संरक्षण वाटले, पुष्कळांना ती शेजाऱ्यांमधील भिंत वाटली. काँग्रेसने तो निवाडा स्वीकारलाही नाही व नाकारलाही नाही. बापूजींचे म्हणणे की तो स्पष्टपणे नाकारावा. बहुमत त्यांच्या बाजूस नव्हते. १९३४ साली पंडित मदनमोहन मालवीय व ते बाहेर पडले व त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. तरी त्यांचे गांधीजींशी वैर झाले नाही, आणि त्यांनी पूर्वीच्या सोबत्यांची निंदा मांडली नाही. ज्या गावच्या मंडळीची वही अजून एका घरी पडून आहे, त्या गावचा एक जण आमच्याजवळच बसला होता. तो येथे काही बोलला नाही.

बापूजींचे सर्वच निर्णय आम्हांस पटतात असे नाही. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सामील झाले. आत राहून देशाचे काही हित साधेल, असा त्यांचा हिशेब असावा. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजी व इतर पुढारी तुरुंगात गेले, आणि बापूजी त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारात बसलेले राहिले. त्याच महिन्यात चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे दंगा झाला, आणि त्यानंतर फौजेने व पोलिसांनी गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी दिल्लीस बापूजींच्या बंगल्यावर गेले व तेथेच उपासास बसले. चिमूर काही दूरदेशी नव्हते, ते बापूजींच्या वणीच्या शेजारच्या जिल्ह्यातले. तरी बापूजी चिमुरास गेले नाहीत. भणसाळींचा उपास पुढे त्रेसष्ट दिवस चालला व जानेवारी १९४३ मध्ये सुटला. ज्या पुरुषाने पुसदच्या गुराख्याचे दुःख ओळखले, त्याने चिमूरच्या बायांचे गाऱ्हाणे ऐकण्यास जाऊ नये, हे आम्हांस आजही दुःखाचे वाटते. मोठ्या खुर्चीत बसले म्हणजे जवळचे गाव दूर होते की काय, कोण जाणे.

पुढे १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान राजवाड्यातील बंदिवासात एकवीस दिवसांचा उपास सुरू केला. वृद्ध शरीर टिकेल अशी आशा फार थोड्यांस होती. सरकार त्यांना सोडीना. तेव्हा बापूजी, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. उशीर झाला होता, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मिळालेले पद अशा वेळी सोडणारेही त्या मंडळात तिघेच निघाले.

नंतर ते सिंहलद्वीपात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ पासून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावर १९६२ साली नागपुराहून लोकसभेवर निवडून गेले. विदर्भाचे निराळे राज्य व्हावे ही त्यांची मागणी होती, ती सफळ झाली नाही. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा मान मिळाला.

त्यांच्या उतारवयातील एक काम आम्हांस विशेष वाटते. सभा, तुरुंग, राजभवन हे सर्व मागे पडल्यावर हा वयोवृद्ध पुढारी रोज बसून संस्कृत श्लोक रचीत असे. विषय एकच, लोकमान्य टिळकांचे चरित्र. हजारो श्लोकांचा तो ग्रंथ, श्रीतिलकयशोऽर्णवः, त्यांच्या मरणानंतर छापून निघाला, आणि १९७३ साली साहित्य अकादमीने त्यास पुरस्कार दिला. चार दशकांपूर्वी आपल्यापुढे चालून गेलेल्या माणसाचे पाऊल कोठे कोठे पडले, ते बापूजी अखेरपर्यंत लिहीत बसले होते.