चकाकीच्या पलीकडे पाहणारा शास्त्रज्ञ : सर चंद्रशेखर वेंकट रामन

घरात काचेच्या मोठ्या पेटीत खारे पाणी भरून त्यात प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे पाळण्याचा छंद आता शहरांतून बराच रुजला आहे. त्या पेटीचे छायाचित्र घेणाऱ्याला मात्र पहिला अडसर होतो तो काचेवरच्या चकाकीचा. मासे राहतात बाजूला. चित्रात येते ती समोरची खिडकी, छताचा दिवा आणि कॅमेरा धरलेला माणूस. ही चकाकी दूर सारून आतले कसे पाहावे, हा प्रश्न छंदापुरता क्षुल्लक वाटेल. परंतु असाच प्रश्न एका भारतीय शास्त्रज्ञाने अथांग समुद्रासमोर उभे राहून सोडविला आणि त्या वाटेने पुढे जाऊन भारतीय विज्ञानाला जागतिक प्रतिष्ठा मिळवून दिली. ते शास्त्रज्ञ म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रामन १९०४ साली बी. ए. आणि १९०७ साली एम. ए. झाले. विद्यार्थिदशेतच, १९०६ साली, त्यांचा प्रकाशविषयक पहिला निबंध इंग्लंडमधील नियतकालिकात छापून आला. पण त्या काळी संशोधनावर पोट भरणे हिंदी तरुणाला कठीण होते. अर्थखात्याची स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण होऊन १९०७ साली ते कलकत्त्याला सरकारी अधिकारी म्हणून रुजू झाले.

कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानसंवर्धनासाठी एक संस्था स्थापन केली होती. तेथील प्रयोगशाळा त्यांना खुली झाली. सकाळी कचेरीपूर्वी आणि सायंकाळी कचेरीनंतर प्रयोग, असा क्रम त्यांनी दहा वर्षे चालविला. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापकपद मिळताच त्यांनी बड्या पगाराची नोकरी सोडली आणि कमी वेतन आनंदाने पत्करले. या पदासाठी परदेशी जाऊन शिक्षण घेण्याची अट होती. ती मात्र त्यांनी मान्य केली नाही. शेवटी अटच बाजूला ठेवावी लागली.

१९२१ साली ऑक्सफर्डला भरलेल्या विद्यापीठ परिषदेसाठी ते प्रथमच विलायतेस गेले. परतीचा प्रवास ‘नारकुंडा’ या बोटीने होता. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांचे मन वेधून घेतले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रामन यांनी ते मत डोळे मिटून स्वीकारले नाही. त्यांच्याजवळ खिशात मावेल एवढा निकोल लोलक होता. पाण्यावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने एकाच दिशेने होतात. पाण्याच्या बाबतीत हा कोन लंबाशी सुमारे ५३ अंशांचा असतो. लोलक योग्य दिशेने फिरविला की तो प्रकाश अडतो. रामन यांनी तसे केले. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले. पण समुद्र काळा पडला नाही. उलट त्याची निळाई अधिकच खुलली. याचा अर्थ, ती निळाई पाण्याच्या अंतरंगातून येत होती. मुंबई बंदरात बोट लागली तेव्हा, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने, त्यांनी या विषयावरचे पत्र ‘नेचर’ नियतकालिकासाठी लिहिले.

पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दिलेले कारण होय. पाणी स्वतः तांबडा प्रकाश शोषून घेते, हेही निळाईचे मोठे कारण असल्याचे आता मानले जाते. पण प्रतिबिंबाचा सिद्धांत पुरेसा नाही, हे त्या छोट्या लोलकाने सिद्ध केले. येथूनच विखुरलेल्या प्रकाशाचा त्यांचा ध्यास वाढला. के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ निश्चित झाला : द्रवातून विखुरताना प्रकाशाचा थोडा अंश आपला रंग बदलतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

थोरांच्या चरित्रातही सावल्या असतात. १९३३ साली रामन बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईची पदवीधर कमला भागवत प्रवेशासाठी आली. या कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुलगी म्हणून रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही. तेव्हा एका वर्षासाठी, कडक अटींवर तिला घेण्यात आले. तिचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना त्या संस्थेत प्रवेश मिळू लागला. कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. समुद्रावरची चकाकी क्षणात ओळखणाऱ्या या महापुरुषाला रूढीची चकाकी ओळखायला एका मराठी मुलीची जिद्द लागली!

१९४८ साली रामन यांनी बंगलोरला स्वतःची संस्था उभारली. हिरे, शिंपले, मोती, पक्ष्यांची पिसे, फुलांचे रंग यांत ते अखेरपर्यंत रमले. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा त्या मत्स्यपेटीकडे वळू. छायाचित्रकार भिंगापुढे जी ध्रुवण-काच लावतो, ती निकोल लोलकाचेच काम करते. काचेशी लंबापासून सुमारे ५६ अंशांच्या कोनात ती चकाकी उत्तम कापते. पण तिरके पाहिले की जाड काचेमुळे मासा विद्रूप दिसतो. आणि अगदी समोरून पाहिले तर ती काच निरुपयोगी ठरते. तेथे साधा उपाय बरा : खोलीतले दिवे मालवावेत, पेटीतला दिवा तेवढा ठेवावा, भिंग काचेला लागून धरावे आणि भोवती काळे कापड घ्यावे.

आपल्या चंदगडच्या ताम्रपर्णीवर दुपारी उभे राहिले की पाण्यावर केवळ ऊन चमकते. तळाचा खडक दिसत नाही. कोन बदलला की तोच खडक स्पष्ट होतो. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मोठ्यांचे मतसुद्धा स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहण्याची सवय मात्र लागते. रामन यांच्या चरित्रातून विद्यार्थ्यांनी घ्यावे ते एवढेच.